रात्री वॉर्डमधील रुग्णांना नीट झोप मिळावी म्हणून परिचारिकेने काय करावे?

पहाटतारा

सर्वांना नमस्कार. मी एका शासकीय रुग्णालयाच्या पुरुष वैद्यकीय कक्षात अधिपरिचारिका आहे. कक्षात ३२ खाटा मंजूर आहेत, परंतु पावसाळ्यात रुग्णसंख्या अडतीस-चाळीसपर्यंत जाते आणि रात्री मी, एक मावशी आणि नशिबात असेल तर एक कक्षसेवक एवढेच मनुष्यबळ असते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सामान्य रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे "आधी स्टाफ वाढवा" हे उत्तर कृपया देऊ नये. तो विषय खरा असला तरी आज रात्री त्याचा मला काही उपयोग नाही.

गेल्या महिन्यात एक गोष्ट माझ्या मनाला लागली. सकाळी ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती) देण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे १७ नंबरच्या आजोबांच्या केस पेपरवर "पेशंट स्लेप्ट वेल" असे लिहीत होते. आजोबा खाटेवर बसूनच होते. ते म्हणाले, "सिस्टर, तेवढं एक लिहा की म्हातारा रात्रभर पंखा मोजत होता." मी रात्री दोनच्या राउंडला त्यांचे डोळे मिटलेले पाहिले होते आणि तेवढ्यावरच माझी नोंद झाली होती. त्यानंतर मी रोज सकाळी प्रत्येकाला विचारून वहीत लिहू लागले. कोणाला समोरच्या रुग्णाच्या सक्शन मशीनचा आवाज, कोणाला ट्यूबलाइट, कोणाला डास, कोणाला शेजारच्या नातेवाइकाचा मोबाइल, अशी कारणे निघालीच. परंतु सर्वांत जास्त वेळा जे कारण वहीत आले ते मीच होते. रात्री दहाला गोळ्या, साडेदहाला नेब्युलायझेशन (वाफेतून औषध), बाराला इंजेक्शन, दोनला रक्तदाब, चारला तापमान, पाचला रक्ताचे नमुने आणि साडेपाचला चादर बदलणे असे मिळून मी एका रात्रीत १७ नंबरकडे सात वेळा गेले होते.

यांतले काय टाळता येते आणि काय टाळणे धोक्याचे आहे? डॉक्टरांशी याबाबत कसे बोलावे? आणि रुग्ण स्वतःच "झोपेची गोळी द्या" म्हणू लागला तर त्याला काय सांगावे? अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त परिसेविका

ताई, आपण वहीत स्वतःचे नाव लिहिले हे वाचून बरे वाटले. मी चौतीस वर्षे वॉर्डमध्ये काढली, त्यांतली शेवटची अकरा इन्चार्ज म्हणून, आणि "स्लेप्ट वेल" हे दोन शब्द मी स्वतः किती हजार वेळा लिहिले असतील याचा हिशेब नाही. डोळे मिटून पडणे म्हणजे झोप नव्हे. परिचारिकेने केलेली नोंद रुग्णाच्या प्रत्यक्ष अनुभवापेक्षा सहसा जास्त झोप दाखवते, असे अभ्यासांतही वारंवार दिसले आहे. म्हणून आपली वही चालूच ठेवा.

आता कामाचे बोलू. निरोगी माणसाची झोप साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांनी चालते आणि गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात असतो. याचा अर्थ असा की बाराला आणि दोनला उठवलेल्या रुग्णाला सकाळी सातपर्यंत पडू दिले तरी त्याचे नुकसान भरून निघत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास परिचर्येवर लिहिताना आवाजासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले होते, आणि पहिल्या झोपेतून उठवलेल्या रुग्णाला पुन्हा झोप लागणे कठीण असते हे त्यांनी केवळ निरीक्षणावरून नोंदवले होते. त्या काळी मेंदूच्या लहरी मोजण्याचे यंत्र नव्हते, परंतु रात्री वॉर्डमध्ये कान उघडे ठेवणारी बाई होती. त्यामुळे माझा आग्रह एकच आहे की, रात्री अकरा ते साडेतीन हे साडेचार तास, म्हणजे साधारण तीन आवर्तने, ज्यांना देता येतील त्या रुग्णांना अखंड द्यावीत आणि बाकीची सर्व कामे या पट्ट्याच्या अलीकडे किंवा पलीकडे ढकलावीत.

हे होते कसे, तर औषधांच्या वेळांपासून सुरुवात करावी. आठ तासांनी द्यायचे औषध आपण सवयीने आठ, चार आणि बारा या वेळांना देतो. तेच सहा, दोन आणि दहा या वेळांना बसवले तर रात्री दहा ते सकाळी सहा मोकळे होतात आणि अंतर आठ तासांचेच राहते. सहा तासांचे औषध सहा-बारा-सहा-बारा असे असते. ते पाच-अकरा-पाच-अकरा केले की मध्यरात्रीचे इंजेक्शन अकराला उरकते. पहिल्या दिवशी एका डोसचे अंतर बदलते, म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना सांगून ड्रग चार्टवर लिहून घ्यावी आणि तिन्ही पाळ्यांच्या ओव्हरमध्ये सांगावी. तसे केले नाही तर सकाळची सिस्टर जुन्या वेळेला एक डोस देऊन मोकळी होते आणि मग बसा निस्तरत.

सलाईनचाही हिशेब संध्याकाळीच मांडता येतो. आपल्या नेहमीच्या सेटमध्ये वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणून मिनिटाला वीस थेंब म्हणजे तासाला ६० मिलिलिटर. ५०० मिलिलिटरची बाटली या वेगाने आठ तास वीस मिनिटे चालते. साडेनऊला लावली तर ती पहाटे सहाच्या सुमारास संपेल, परंतु दुपारच्या पाळीत संध्याकाळी साडेसहाला लावलेली बाटली बरोबर तीनच्या आत संपते, रक्त उलटे चढते, नातेवाईक "सिस्टर, सिस्टर" करीत धावतो आणि आजूबाजूच्या चार खाटा जाग्या होतात. वेग हा डॉक्टरांच्या आदेशाचा भाग असल्यामुळे त्याला हात लावू नये. बाटली कधी संपणार याचा अंदाज मात्र बाटलीवरच्या पट्टीवर लिहून ठेवावा आणि दुपारच्या पाळीशी बोलून बाटल्यांची वेळ जुळवून घ्यावी.

आवाजाच्या बाबतीत एक प्रसंग सांगते. आमच्या कक्षातल्या औषधांच्या ट्रॉलीचे एक चाक असे किरकिरायचे की ट्रॉली निघाली की शेवटच्या खाटेपर्यंत माना वळायच्या. दुरुस्तीची मागणी लिहून दिली होती आणि ती बरेच महिने फायलीत होती. शेवटी लिनन रूममध्ये शिलाईकाम करणाऱ्या शिंपीमामांकडून शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली मागून आणली आणि चाकात चार थेंब सोडले. काम झाले. त्यानंतर दर सोमवारी रात्रपाळीच्या मुलीने चाकांना तेल घालायचे असा नियमच केला. किडनी ट्रे स्टीलच्या ट्रॉलीवर ठेवताना खाली घडी घातलेला टॉवेल ठेवावा. रिकामे अँप्यूल निळ्या डब्यात वरून टाकले की काचेचा जो आवाज होतो तो दिवसा जाणवतही नाही. रात्री दीड वाजता मात्र तो कानावर आदळतो. म्हणून तो डबा नर्सिंग स्टेशनच्या आतल्या बाजूला असावा आणि अँप्यूल अलगद सोडावे. आणि हो, कुजबुज करू नये. खाटेजवळ दोघी कुजबुजल्या की रुग्णाला वाटते आपल्याविषयीच काही वाईट चालले आहे आणि तो कान टवकारून जागा राहतो. बोलायचेच असेल तर खालच्या पण स्पष्ट आवाजात बोलावे, नाही तर बाहेर जाऊन बोलावे.

दिव्यांचे गाऱ्हाणे जुन्या इमारतींत सगळीकडे सारखेच आहे, एका बटणावर सहा ट्यूब. आम्ही इलेक्ट्रिशियनकडून दोन बटणांवर रांगा वेगळ्या करून घेतल्या आणि नर्सिंग स्टेशनला टेबल लॅम्प मागून घेतला. रात्री इंजेक्शन द्यायचे तर बॅटरी वापरावी, पण तिचा झोत रुग्णाच्या हातावर टाकावा, तोंडावर नव्हे. प्रखर उजेडाने शरीरातले मेलाटोनिन दबते आणि मग दिवा बंद केला तरी झोप लवकर परतत नाही.

आता १७ नंबरच्या आजोबांबद्दल. त्यांना एकदा निवांत विचारा की घरी ते कसे झोपतात. आमच्याकडे एक शेतकरी रुग्ण होते, आठवडाभर झोप नव्हती, डॉक्टरांनी गोळी बदलून पाहिली. विचारले तेव्हा कळले की रेक्झिनच्या गादीवर त्यांची पाठ घामाने भिजते आणि गार पडली की जाग येते. जन्मभर गोधडीवर झोपलेला माणूस तो. मुलाला सांगून स्वच्छ धुतलेली, उन्हात वाळवलेली जुनी सुती गोधडी मागवली, ती चादरीखाली घातली आणि त्या रात्री मला त्यांच्या घोरण्याबद्दल शेजारच्या खाटेची तक्रार ऐकावी लागली.

आयसीयूतला ब्रदर

मॅडमनी वेळापत्रकाचे सर्व सांगितले आहे, म्हणून मी त्यात भर न घालता दोन वेगळ्या मुद्द्यांवर लिहितो.

पहिला मुद्दा असा की, "रुग्ण झोपत नाही" हे अनेकदा गाऱ्हाणे नसून लक्षण असते. रात्री एखादा रुग्ण अचानक अस्वस्थ झाला, सलाईन उपसू लागला, खाटेवरून उतरू लागला, तर गोळीचा विचार करण्यापूर्वी त्याचा प्राणवायू, रक्तातील साखर, तापमान आणि ओटीपोट पाहावे. लघवी तुंबलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते शब्दांत सांगता येत नाही, तो फक्त तळमळतो. कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर नळी मुडपलेली नाही ना, युरोबॅग भरलेली नाही ना, हे पाहावे. दारू पिणारा रुग्ण भरती होऊन दोन-तीन दिवस झाले असतील आणि त्याला थरथर, घाम, भास सुरू झाले असतील, तर ती निद्रानाशाची नव्हे तर दारू तुटल्याची अवस्था आहे आणि तिच्यासाठी डॉक्टरांना त्याच वेळी बोलावणे आवश्यक आहे. दिवसा डुलक्या घेणारा आणि रात्री असंबद्ध बोलणारा वृद्ध रुग्ण डेलिरियममध्ये (आजारपणातल्या अचानक भ्रमावस्थेत) असू शकतो. त्याला झोपेची गोळी दिल्यास प्रकृती बहुधा बिघडते.

याच कारणासाठी गोळीबाबत मी कडक आहे. अल्प्राझोलामसारखी झोपेची औषधे शेड्यूल एच-१ मध्ये (चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या कडक यादीत) आहेत ती उगाच नाहीत. वृद्धांमध्ये त्यांनी तोल जातो, रात्री लघवीला उठताना माणूस पडतो आणि खुब्याचे हाड मोडते. दमा-सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट श्वासविकाराच्या) किंवा घोरताना श्वास अडकणाऱ्या रुग्णात श्वासाची प्रेरणा आणखी मंदावते. ॲलर्जीच्या गोळ्यांनी येणारी गुंगीसुद्धा वृद्धांना मानवत नाही. रुग्णाने मागणी केली तर "नाही" एवढेच न म्हणता "आधी तुमच्या झोपेच्या आड काय येते ते पाहू, मग डॉक्टरांना विचारू" असे म्हणावे, आणि खरोखरच पाहावे.

पाहायचे कुठे, तर केस पेपरवर. पहाटतारा सिस्टर, आपल्या १७ नंबरच्या आजोबांना नेब्युलायझेशन चालू आहे, म्हणजे बहुधा दम्याचे किंवा सीओपीडीचे रुग्ण असावेत. दम्याच्या औषधांपैकी साल्ब्युटामॉलने छाती धडधडते, थिओफिलिनने झोप उडते, आणि प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा डोस संध्याकाळी असेल तर माणूस पंखाच मोजणार. स्टिरॉइड दिवसातून एकदाच द्यायचे असेल तर ते सकाळी नाश्त्यानंतर द्यावे, ही साधी गोष्ट कामाच्या घाईत राहून जाते. लघवी होण्याची गोळी संध्याकाळी सहाला दिली जात असेल तर तेही पाहा. त्या गोळीचा, म्हणजे फ्युरोसेमाइडचा (लासिक्सचा), परिणाम सहा ते आठ तास राहतो, म्हणजे मध्यरात्र उलटेपर्यंत रुग्णाच्या फेऱ्या चालू राहतात. दुसरा डोस दुपारी दोन ते चारच्या दरम्यान घेता येईल का, एवढे विचारले तर कोणताही डॉक्टर रागावत नाही. माझा अनुभव असा आहे की "पेशंटला झोप येत नाही" असे सांगितले की गोळी लिहून मिळते, आणि "पेशंट रात्री चार वेळा लघवीला उठतो, लासिक्स सहाला आहे" असे सांगितले की वेळ बदलून मिळते.

दुसरा मुद्दा रात्रीच्या निरीक्षणांचा. दोनचा रक्तदाब सर्वांचा घ्यायचा ही पद्धत कुठून आली कोणास ठाऊक, बहुधा चार्टवर तो रकाना छापलेला आहे म्हणून. ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये "न्यूज" नावाची गुणपद्धती आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वसनगती, प्राणवायूची पातळी, प्राणवायू लावला आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान यांना गुण द्यायचे आणि बेरजेवरून निरीक्षणांचे अंतर ठरवायचे. बेरीज शून्य असेल तर किमान बारा तासांनी, एक ते चार असेल तर चार ते सहा तासांनी, पाच-सहाला दर तासाला आणि सात किंवा अधिकला सतत. आपल्याकडे ती पद्धत लागू असो वा नसो, रात्री दहाच्या नोंदी व्यवस्थित असलेल्या आणि दिवसभर स्थिर असलेल्या रुग्णाला दोनला रक्तदाबाचा कफ (दंडाला बांधायची पट्टी) बांधून उठवण्याची गरज आहे का, हा प्रश्न डॉक्टरांना संध्याकाळच्या राउंडला विचारता येतो. उत्तर मात्र लेखी घ्यावे. "रात्री दहा ते सहा निरीक्षणे नकोत, झोपेत श्वसन पाहावे" अशी एक ओळ केस पेपरवर सहीसह असेल तर आपण निर्धास्त राहतो. तोंडी परवानगीवर रात्रीचे निरीक्षण कधीही गाळू नये, कारण उद्या काही झाले तर वहीत फक्त रिकामा रकाना दिसेल.

आणि झोपू द्यायचे म्हणजे पाहायचे नाही, असे नव्हे. दाराशी उभे राहून अर्धा मिनिट छातीची हालचाल मोजता येते. वेदनाशामक म्हणून ओपिऑइड (मॉर्फिनच्या गटातले औषध) मिळालेला रुग्ण "काय गाढ झोपला आहे" असे वाटले तर तिथे अवश्य हाक मारून पाहावी.

आमच्या आयसीयूत मॉनिटरचे अलार्म हा सर्वांत मोठा उपद्रव होता. ईसीजीची इलेक्ट्रोड रोज बदलली, त्याआधी त्वचा पुसून कोरडी केली आणि अलार्मच्या मर्यादा प्रत्येक रुग्णाप्रमाणे लावल्या, तर खोटे अलार्म लक्षणीय कमी होतात. कानांत फोमचे बोळे आणि डोळ्यांवर पट्टी हा उपाय स्वस्त आहे आणि आयसीयूसाठीच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आवाज आणि उजेड कमी करण्याची शिफारस आहे. ज्यांना ते नको वाटते त्यांच्यावर लादू नये. काही रुग्ण डोळे झाकले की घाबरतात.

रुग्णाची लेक

मी परिचारिका नाही, तरीही लिहू का असा विचार करून लिहिते आहे. गेल्या वर्षी वडिलांच्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी बारा रात्री खाटेखाली चटई टाकून काढल्या. त्या बारांपैकी दोन रात्री वडील झोपले आणि त्या दोन्ही रात्री एकच सिस्टर ड्यूटीला होत्या.

त्या काय वेगळे करीत होत्या, हे मी नंतर पुष्कळ आठवून पाहिले. रात्री साडेदहाला त्या येत, वडिलांना कोमट पाण्याने हात-पाय पुसून देत, चूळ भरायला लावत, पाठीवरून हात फिरवून चादरीच्या सुरकुत्या ओढून काढत आणि गुडघ्यांखाली एक उशी सरकवत. त्यामुळे टाके ओढले जात नाहीत, असे त्यांनी मला सांगितले. दुखणे कितपत आहे ते विचारून लिहून दिलेले दुखण्याचे औषध तेव्हाच देत, रात्री दीड वाजता वडील कण्हू लागण्याची वाट पाहत नसत. आणि मग जाताना म्हणत, "काका, आता चार वाजेपर्यंत तुम्हांला कोणी हात लावणार नाही. मी मधून येऊन बघून जाईन, पण उठवणार नाही. काही लागलं तर ही ताई मला बोलावेल." त्या एका वाक्याने वडिलांचे खांदे सैल पडलेले मी पाहिले आहेत. इतर रात्री ते जागे असत ते केवळ दुखण्याने नव्हे. आता कोण येईल, कोणती सुई टोचेल, याची वाट पाहत ते पडून असत.

आम्हां नातेवाइकांविषयीही एक सांगते. मोबाइलवरून भांडणे होतात, कारण आम्हांला दम भरला जातो. त्या सिस्टर मात्र साडेनऊला एकदाच मधल्या वाटेत उभ्या राहून सांगत की दहाला मोठे दिवे बंद होतील, फोन थरथरीवर ठेवा, बोलायचे असेल तर व्हरांड्यात जा, आणि रात्री नऊनंतर रुग्णाला टपरीवरचा चहा आणून देऊ नका. चहाचा आणि झोपेचा संबंध आम्हांला माहीत असतो. पण रुग्णाने मागितला की वाईट वाटते आणि आपण आणून देतो. सिस्टरनी सांगितले की नाही म्हणायला आधार मिळतो.

प्रसूतिकक्ष

चर्चा चांगली आहे, परंतु नवीन मुली हे वाचतात म्हणून स्पष्ट लिहिते. "अकरा ते साडेतीन कोणालाही उठवू नका" हा नियम आमच्या कक्षात आणला तर एखादी बाई जिवाला मुकेल. बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी रक्तस्राव, गर्भाशयाची घट्टी आणि नाडी पाहावीच लागते, मग ती कितीही दमून झोपलेली असो. झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल तर पुढचा डोस देण्यापूर्वी श्वसन मिनिटाला किमान सोळा, गुडघ्याचा प्रतिक्षेप आणि मागच्या चार तासांत तासाला किमान ३० मिलिलिटर लघवी या तिन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही. वैद्यकीय कक्षातही डोक्याला मार लागलेला, रक्त चढत असलेला, इन्सुलिनचा ड्रिप चालू असलेला रुग्ण याच गटातला.

बाळंतिणीला रात्री अखंड झोप मिळणारच नाही, कारण बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचे असते. आम्ही तिची झोप दुपारी वसूल करतो. दुपारी एक ते तीन भेटणारे बंद, पडदा ओढलेला आणि बाळ झोपले की आईनेही झोपायचे. सासरच्या मंडळींना दाराबाहेर थोपवणे हे आमच्याकडचे झोपेचे सर्वांत परिणामकारक औषध आहे.

निवृत्त परिसेविका

प्रसूतिकक्ष ताईंचे म्हणणे शंभर टक्के मान्य. मी "ज्यांना देता येतील त्या रुग्णांना" असे लिहिले होते, पण ते ठळकपणे लिहायला हवे होते. आमच्याकडे रात्रीच्या ओव्हरमध्येच खाटांचे दोन गट पाडले जात, उठवायचे आणि न उठवायचे, आणि न उठवायच्या खाटांच्या पाटीला खडूने चंद्रकोर काढलेली असे. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णांचे दर दोन तासांनी कूस बदलणेही झोपेसाठी थांबवायचे नाही. तेवढ्यासाठी उठवलेच आहे तर पाणी, लघवी, औषध सगळे त्याच वेळी उरकावे, दहा मिनिटांनी पुन्हा जाऊ नये.

पहाटतारा

सर्वांचे मनापासून आभार. सहा रात्री हे करून पाहिले, म्हणून लिहिते आहे.

१७ नंबरच्या आजोबांचे केस पेपर ब्रदरनी सांगितल्याप्रमाणे वाचले. लघवीची दुसरी गोळी खरोखरच संध्याकाळी सहाला होती आणि प्रेडनिसोलोन सकाळ-संध्याकाळ असे विभागलेले होते. डॉक्टरांनी गोळीची वेळ दुपारी दोनची केली आणि स्टिरॉइड सकाळी एकदाच केले, विचारायला मला जेमतेम एक मिनिट लागले. झोप किती लागली हे विचारण्यासाठी मी वहीत एक आडवी रेघ आखली आहे, एका टोकाला "अजिबात नाही" आणि दुसऱ्या टोकाला "घरच्यासारखी". रुग्ण बोट ठेवतो, मी खूण करते. आजोबांचे बोट पहिल्या सकाळी डाव्या टोकाला होते, काल ते मध्याच्या थोडे पुढे गेले. घरच्यासारखी झोप इथे लागणार नाही, असे ते स्वतःच म्हणाले.

चोवीस रुग्णांना चंद्रकोर मिळाली. डॉक्टरांनी त्यांतल्या एकोणीस जणांना दोनची निरीक्षणे नकोत असे सहीसह लिहून दिले, पाच जणांना नाही. मला सर्वांत मोठा फायदा अनपेक्षित ठिकाणी झाला. अकराच्या आत कामे गोळा केल्यामुळे बारानंतर माझ्याकडे चंद्रकोर नसलेल्या चौदा गंभीर रुग्णांसाठी वेळ उरतो, जो पूर्वी अडतीस-चाळीस कफ बांधण्यात जात होता.

अडचण एकच राहिली आहे. पाचला रक्ताचे नमुने काढावे लागतात, कारण प्रयोगशाळा सातला नमुने स्वीकारते आणि डॉक्टरांना नऊच्या राउंडला रिपोर्ट हवे असतात. त्यासाठी सर्व दिवे लागतात आणि ज्यांचे रक्त काढायचे नाही तेही उठतात. यावर कोणी काही मार्ग काढला आहे का?

निवृत्त परिसेविका

ताई, नमुने सातला स्वीकारतात तर ते पाचला का काढायचे, हे आधी तपासा. आमच्याकडे शोध घेतला तेव्हा कळले की बल्ब (रक्ताच्या नमुन्याच्या बाटल्या) आणि लेबले पहाटे तयार करण्यात तासभर जात होता, म्हणून सगळे पाचला सुरू होत असे. लेबले लिहिण्याचे आणि बल्ब खाटेनुसार रॅकमध्ये लावण्याचे काम रात्री बारानंतरच्या निवांत वेळेत आणले, तसे नमुने काढणे सहाला सुरू करून पावणेसातला संपू लागले. नाव आणि खाट मात्र रक्त काढताना रुग्णाला विचारूनच पुन्हा ताडून पाहायची, आधी लिहिलेल्या लेबलावर विसंबायचे नाही, कारण रात्रीतून खाटा बदललेल्या असतात. उपाशीपोटीचे नमुने सहालाही उपाशीपोटीचेच असतात. आणि दिवे रांगेरांगेने लावा, ज्या रांगेत काम चालू आहे तेवढीच.

पहाटतारा

लेबलांचे हेच कारण निघाले, मॅडम. काल रात्री एकलाच रॅक लावून ठेवला आणि सहाला पहिली सुई टोचली. ट्रॉलीच्या चाकासाठी आमच्या लिनन रूममध्येही विचारले. शिंपीमामा निवृत्त झाले आहेत आणि पद रिकामे आहे, पण त्यांची मशीन अजून तिथेच आहे आणि तिच्या खणात तेलाची बाटली सापडली.